गच्च्यांची सोयरीक

मन्मथअप्पा कुणाच्याही घरी गेले की "कसे आहात" विचारत नाहीत. "जिना कुठाय?" विचारतात.

कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खांद्यावर पंचा, हातात स्टीलची ताटली आणि मान वर. घरमालक बिचारा "शरणार्थ अप्पा, या, बसा" म्हणत असतो आणि अप्पा त्याच्या डोक्यावरनं छताकडं बघत असतात. मग वर जातात. गच्चीच्या चारी कोपऱ्यांत उभे राहतात, ताटली उन्हात धरून लांबच्या कुठल्यातरी गच्चीवर चमकवतात, आणि खाली येऊन चहाचा कप हातात आला की निकाल देतात.

"आता असं बगा. स्थळ चांगलं हाय. पन मधी लिंब हाय."

एकदा गित्त्यांच्या घरी पोरीला बघायला अहमदपूरचे पाहुणे आले होते. पोहे झाले, पोरगी आत गेली, पाहुणे विचार करत बसलेले. तेवढ्यात अप्पा जिन्यावरनं उतरले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "स्थळ नामी हाय, आमच्याकडून होकार हाय. पन टाकी आडवी यायली. टाकी हलवल्याबिगर जमत न्हाई." पाहुण्यांतल्या थोरल्यानं मला हळूच बाजूला घेऊन विचारलं की ही टाकी म्हणजे पोरीची कोण लागते.

मी गावात सगळ्यांची नक्कल करतो. सरपंचांची, हेडमास्तरांची, लोह्याच्या बसमधल्या कंडक्टरची. पण अप्पांची सगळ्यांत सोपी. तोंडात सुपारी धरल्यागत बोलायचं, सुरुवातीला "आता असं बगा", शेवटी "आमच्याकडून होकार हाय", आणि मधी काहीही घाला, चालतं. गणपतीत पहिल्यांदा केली तेव्हा अप्पा पुढच्याच सतरंजीवर बसलेले. मला वाटलं, आता कानफाटात. कार्यक्रम संपल्यावर ते जवळ आले आणि म्हणाले, "बाला, बाकी झकास केलास. पन ईभूती तीन बोटांनी लावतेत. तू चार लावलास."

तर अप्पांचं गावात भांड्याचं दुकान. पण दुकान म्हणजे नुसती बसायची जागा. खरं काम सोयरीक जुळवायचं. लोहा, कंधार, भोकर, इकडं उदगीरपर्यंत कुणाच्या घरात कोण लग्नाचं आहे, कुणाचा पाय मोडलाय, कुणाला काळी चालत नाही आणि कुणाला काहीही चालतं, सगळं डोक्यात. घेणार काय? टावेल-टोपी आणि पंगतीत पहिलं पान. भांडी तेवढी दुकानातनं न्यावीत एवढीच इच्छा.

त्यांची एक युक्ती होती, ती त्यांनी मला स्वतःच सांगितली. पोराकडच्यांना सांगायचं, पोरीकडचे आपणहून विचारायलेत. पोरीकडच्यांना सांगायचं, पोराकडचे तळमळायलेत. दोन्ही घरं फुगतात. आणि फुगलेला माणूस नाही म्हणत नाही. "मंग लगीन झाल्यावर कळतंय की त्यांना," मी म्हणालो. अप्पा म्हणाले, "लगीन झाल्यावर दुसरंच लई काई कळतं बाबा. ह्याची कोन याद ठिवतंय."

पण मग मोबाईल आला. बायोडाटा ग्रुपवर, फोटो ग्रुपवर, पत्रिकासुद्धा ग्रुपवर. देगलूरची पोरगी पुण्याच्या पोराला बसल्या जागी दिसायला लागली. अप्पांच्या पायरीवर चपला दिसेनाशा झाल्या. घरच्या काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती लेक उदगीरला दिलेली. अप्पा दुकानात बसून तोच हंडा पुन्हा पुन्हा पुसायचे.

आता आमच्या बोरवाडीचं सांगतो. गाव रोडपासून आत, खळग्यात. चारी बाजूंनी उंचवटे, मधी आम्ही, वाटीतल्या वरणासारखे. साधा फोन कसाबसा लागायचा, पण नेटची रेंज यायची ती फक्त पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर. त्यामुळं गावातली प्रेमप्रकरणं, पीकविम्याचे अर्ज आणि बारावीचे रिझल्ट हे सगळं त्याच पायऱ्यांवर एकमेकांच्या मांडीला मांडी लावून चालायचं. गुपित असं कुणाचं राहिलंच नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात लातूरच्या एका संस्थेच्या वैशाली मॅडम आल्या. शाळेपर्यंत इंटरनेटची वायर आलेली होती, पण शाळेच्या भिंतीबाहेर तिचा कुणाला उपयोग नव्हता. मॅडमनी पांढरे डबे दाखवले, पावशेर तुपाच्या बरणीएवढे. एक डबा शाळेच्या गच्चीवर, एक समोरच्या गच्चीवर, पुढचा त्याच्या पुढच्या. एका डब्यानं दुसऱ्याला बघितलं की नेट त्याच्याकडं जातं, तो तिसऱ्याला देतो, असं गावभर. अट एकच. डब्याला डबा दिसला पाहिजे. मधी झाड, भिंत, टाकी आली की संपलं. मॅडमनी स्पष्टच सांगितलं, दसऱ्यापर्यंत बघू. नीट सांभाळले तर डबे गावाचे. सारखे बंद पडत राहिले तर काढून दुसऱ्या गावाला देणार, तिकडंही लोक वाट बघायलेत.

माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान. म्हणून डब्यांची जबाबदारी माझ्या गळ्यात. मला वाटलं, काय चार नट आवळायचे. पण नट आवळायच्या आधी गच्ची मिळायला पाहिजे. कुणी म्हणालं वीज पडंल. कुणी म्हणालं चिमण्या मरतेत. एका आजीबाईंनी विचारलं, त्या डब्यातनं आमी आंगुळ करताना दिसताव का. आणि प्रत्येक जण शेवटी हेच म्हणायचा, की शेजाऱ्याच्या गच्चीवर लावा, नेट आमाला द्या.

ग्रामसभेत मी हात टेकले. मागच्या रांगेतनं अप्पा उभे राहिले. त्यांनी मॅडमना विचारलं, "म्हंजे ह्या घरानं त्या घराला बगायचं, नदर पडली की जमलं, मधी कोनी आडवं यिऊ ने. असंच ना?"

मॅडम म्हणाल्या, असंच.

"मंग हे सोयरीकच हाय की. आदी न्हाई का सांगायचं." आणि अप्पांनी पंचा झटकून खांद्यावर टाकला. तो माणूस त्या दिवशी दहा वर्षांनी लहान झाला, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

त्यानंतर अप्पांनी जे चालू केलं ते कुठल्या इंजिनिअरच्या पुस्तकात नसंल. गच्चीला ते "स्थळ" म्हणायचे. दोन गच्च्यांनी एकमेकींना बघायचं म्हणजे "बघायचा कार्यक्रम". दोन्ही घरच्या माणसांनी ताटल्या घेऊन वर जायचं, ह्यांनी तिकडं उन्हाचा कवडसा टाकायचा, त्यांनी इकडं. डोळ्यावर चमक आली की नजर पडली. ताटल्या अप्पांच्याच दुकानातल्या. डबा बसला की पाइपाला हळदकुंकू, नारळ, आणि घरमालकाला टावेल-टोपी. मी म्हणालो, अप्पा, टावेल-टोपी कशाला. म्हणाले, मान दिल्याबिगर कोन गच्ची देतंय.

आणि युक्ती तीच जुनी. प्रत्येक घरात जाऊन ते सांगायचे की समोरच्यांनी तुमचीच गच्ची मागितलीय, दुसऱ्या कुनाची नको म्हनलेत.

सगळ्यांत अवघड स्थळ दत्तराव आणि व्यंकटरावांचं. दोघांच्या गच्च्या समोरासमोर, आणि त्या जुळल्याशिवाय खालच्या अंगाचं अर्धं गाव कोरडं राहणार होतं. पण दोघांचं कित्येक वर्षांपासून बोलणं बंद. कारण पोळा. तोरणाखालनं पहिला बैल कुणाचा जायचा यावरनं तंटा झालेला. तो बैल जाऊन जमाना झाला, तंटा दावणीला तसाच.

अप्पांनी दत्तरावांना सांगितलं, व्यंकटरावानं निरोप दिलाय, आमी मुलीकडचे, तुमी वरपक्ष. व्यंकटरावांना सांगितलं, दत्तराव म्हनायलेत, मान तुमचा. दोघंही तयार झाले. आणि दोघंही आपापल्या ओसरीवर धुतलेलं धोतर नेसून बसले, समोरचा टावेल-टोपी घेऊन कधी येतो म्हणून. दुपार झाली. कुणीच उठंना. दत्तरावांनी मला हाक मारून विचारलं, पोरीकडचे कुठं गुतले रे.

मला हसू आवरेना. अप्पांनी मात्र शांतपणे दुकानातनं दोन टावेल-टोप्या काढल्या, एक इकडं नेऊन दिली "तिकडनं आली" म्हणून, एक तिकडं "इकडनं आली" म्हणून. मग दोघांना वर चढवलं. व्यंकटरावांनी ताटली धरली. कवडसा नेमका दत्तरावांच्या डोळ्यात गेला, म्हणून त्यांनी हात कपाळाला लावून डोळे झाकले. व्यंकटरावांना वाटलं, दत्तरावानं रामराम घातला. एवढ्या वर्षांनी. त्यांनी ताटली खाली ठेवली आणि दोन्ही हात जोडून उलटा रामराम घातला. आता दत्तरावांना काय करता येतंय? त्यांनीही जोडले.

अप्पा माझ्या कानात म्हणाले, "गप ऱ्हा. हासू नको. लगीन लागायलंय."

खैरूनचाचीचं घर गल्लीच्या टोकाला, जुनं माळवदाचं. लाकडी सऱ्या, वर मातीचा थर. माळवदाला भोक पाडलं की पावसाळ्यात घरात छत्री घेऊन बसायचं. संस्थेची दोन पोरं ड्रिल घेऊन आली तर चाची शिडीखाली झाडू घेऊन उभी. पोरं शिडीवरच अडकली, ना वर ना खाली. अप्पा आले, त्यांनी माळवद बघितलं, तसेच परत गेले, आणि दुकानातला तोच पुसून पुसून चकचकीत केलेला हंडा डोक्यावर घेऊन आले. हंडा माळवदावर ठेवला, त्यात मुरूम आणि सिमेंट भरलं, मधी पाइप उभा केला. ना भोक, ना गळती. हळदकुंकवाची पुडी काढली तर चाची म्हणाली, मेरे कने अत्तर है, वो लगाती. अप्पा म्हणाले, "आमच्याकडून होकार हाय." त्या डब्याला अजून पाऊस पडला की वास येतो.

डबे सगळे लागले, दिवे हिरवे झाले आणि गावाचं रूपच पालटलं. सोयाबीनचा भाव ओसरीत बसून कळायला लागला. पोरींचे परीक्षेचे फॉर्म घरातनं जायला लागले. खैरूनचाची हैदराबादच्या लेकाशी व्हिडिओवर बोलायची, आणि एवढ्या मोठ्यानं बोलायची की त्याला नेट लागायचंच नाही. दत्तराव आणि व्यंकटराव गच्चीवरनं एकमेकांना हवामानाचा अंदाज ओरडून सांगायचे, दोघांच्याही मोबाईलवर तोच अंदाज असताना. टाकीच्या पायऱ्या ओस पडल्या. तिथं आता शेळ्या बसतात.

फक्त एका माणसाला नेट लागत नव्हतं. अप्पांकडं बटणाचा फोन. मी म्हणायचो, अप्पा, घ्या की एखादा साधा स्मार्टफोन, तुमच्या गच्चीवर बी डबा हाय. ते म्हणायचे, "मला काय करायचंय नेट? कोनी बोलवलं की मी जातोच की चालत."

पण बोलवणार कोण? डबे तर बसले. लग्न लागलं, मांडव उतरला. अप्पा सवयीनं एखाद्या घरी जायचे, जिना विचारायचे. लोक म्हणायचे, बसा अप्पा, चांगलं चालायलंय, काई तरास न्हाई. म्हणायचे मोबाईलमधी बघतच. अप्पा थोडं बसायचे, पंचानं गुडघे झटकायचे, उठायचे. मग दुकानात जाऊन बसायचे आणि ताटली उन्हात धरून कवडसा रस्त्यावर फिरवायचे. येणाऱ्याच्या पायावर, शेळीच्या पोटावर, एस्टीच्या काचेवर. मी त्याचीही नक्कल करायचो. तेव्हा लोक लई हसायचे.

पोळ्यानंतर डबे बंद पडायला लागले.

आज खैरूनचाचीचा, परवा दत्तरावांचा, मग शाळेमागच्या गित्त्यांचा. दिवा चालू, वायर ठीक, पण डब्याची मान वळलेली. मान दोन बोटं जरी फिरली तरी समोरचा दिसत नाही, आणि तिथनं पुढची घरं बंद. लोक मला फोन करायचे आणि म्हणायचे, अप्पाला पाठव. कारण नजर जुळवायची तर ताटली लागते, आणि ताटलीचा हात अप्पांचा. अप्पा लगेच निघायचे. डबा सरळ करायचे, चहा घ्यायचे, घरातली सगळी खबर घ्यायचे आणि जाताना सांगायचे, "वानरं लई माजलीत बगा औंदा."

मला पटलं. वानरं होतीच. मी फटाके आणले, गोफण आणली. अप्पांनी तपास हातात घेतला. गच्च्यांवर वाकून वानरांच्या पायाचे ठसे बघायचे, केस सापडला तर उजेडात धरायचे, आणि गंभीर तोंडानं सांगायचे, "ह्यो म्होरक्या हाय. लंगडा." त्या लंगड्या म्होरक्याला गावात कुणीच बघितलं नव्हतं, पण त्याचा धाक एवढा बसला की बायका पापडांवर दगड ठेवायला लागल्या.

इकडं लातूरहून मॅडमचा फोन आला. त्यांना तिथं बसून सगळं दिसतं, कोणता डबा कधी बंद पडला ते. म्हणाल्या, बालाजी, तुमच्या गावचे डबे फार वेळा पडतात, दसऱ्याआधी मी येऊन बघते, मग ठरवू. ठरवू म्हणजे काय ते मला कळलं. मी अप्पांना सांगितलं नाही. म्हटलं, म्हातारा जिवाला लावून घेईल.

त्याच आठवड्यात एक डबा उघडून बघताना माझ्या टाळक्यात उजेड पडला. वानर डबा हलवेल, मान्य. लोंबकळून मान वाकडी करेल, मान्य. पण मान वाकडी करून वानर नट पुन्हा आवळून ठेवत नाही. इथं तर वायसरसुद्धा जागच्या जागी.

दुपारी मी टाकीवर चढून बसलो. गाव जेवून आडवं झालेलं. दत्तरावांच्या मागच्या जिन्यानं एक पंचा वर आला. पंचाच्या खाली अप्पा. त्यांनी पंचातनं पाना काढला, नट सैल केला, डब्याची मान दोन बोटं फिरवली, नट आवळला. मग डब्यावरची धूळ पंचाच्या टोकानं पुसली, लेकराचं तोंड पुसावं तशी, आणि गेले.

संध्याकाळी दत्तरावांचा फोन आला, अप्पाला पाठव. मी अप्पांसोबत गेलो. गच्चीवर दोघंच झालो तेव्हा मी विचारलं, "अप्पा, वानराला पाना कोनी दिला?"



"बंद पाडत न्हाई रे मी," अप्पा डब्याकडं बघतच म्हणाले. "जरासी मान वळवतो. बोलावलं की लगीच सरळ करतो की."

मी त्यांना मॅडमचं सगळं सांगितलं. दसऱ्याआधी येतील, एवढे बिघाड बघून डबे काढून नेतील. अप्पा गच्चीवरच्या टाकीला पाठ लावून खाली बसले. त्यांना हे ठाऊकच नव्हतं, किंवा ठाऊक असून त्यांनी मनात येऊ दिलं नव्हतं.

"नेतेल? मंग खैरूनला लेकरू कसं दिसायचं?" मग म्हणाले, "बाला, लग्नात मध्यस्थाला पयलं पान आसतं. दुसऱ्या दिशी त्याला कोन वळखतंय? मला वाटलं, हे डबे तरी रोजचे हायत." आणि पाना माझ्या हातात दिला. "हे तुज्याजवळ ठिव. माज्याजवळ आसला की हात ऱ्हात न्हाई."

दुसऱ्या दिवशी ते उदगीरला लेकीकडं गेले. मी कुणाला काही बोललो नाही. कशी कुणास ठाऊक, त्या दिवसापासून माझ्या तोंडून त्यांची नक्कलही नीट निघेना.

काही दिवस सगळे दिवे हिरवे. मी खूश. मॅडमचा निरोप आला, सोमवारी येते. आणि रविवारी खैरूनचाचीचा डबा गेला.

पाना माझ्या ड्रॉवरमधी. अप्पा उदगीरला. मी पळत गेलो, शिडीवरनं डोकं वर काढलं तर चाची माळवदावर बसलेली. दोन्ही हातांनी हंडा धरून जातं फिरवावं तसा फिरवायली होती, पाइपासकट, डब्यासकट.

"चाची, ये क्या करूलाले?"

"दिखता नै क्या. बंद करूलाली." चाची घामेघूम. "अप्पा कब आता?"

मी तिला अप्पांचं काही सांगायला लागलो तर तिनं मला मधीच थांबवलं. म्हणाली, "मेरेकू मालूम है बेटा. माळवद पे आदमी चढा तो नीचे मट्टी गिरती. बंदर की अलग गिरती, अप्पा की अलग गिरती. गिरने दे. आता है, चाय पीता है, दो बात करता है. इस घर में और कौन आता बोल."

मी खाली उतरलो तर गल्लीतले सगळे दिवे लाल. दत्तरावांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. दत्तराव म्हणाले, वानर आसंल. व्यंकटरावांच्या गच्चीवर व्यंकटराव स्वतःच डब्याशेजारी उभे, हात मागं. म्हणाले, आताच गेलं बग वानर. मी त्यांना सांगितलं, उद्या मॅडम यायल्यात, सगळं लाल बघून डबे नेतील. व्यंकटरावांचं तोंड पडलं. म्हणाले, ते काई आमच्या ध्यानात आलं न्हाई, आमाला वाटलं आपला एकट्याचाच एक डबा. गित्त्यांचंही तसंच. सगळ्यांना अप्पा पाहिजे होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं की फक्त आपल्यालाच त्यांची कळ कळलीय.

मी बटणाच्या फोनवर फोन लावला. एवढंच म्हणालो, अप्पा, नेट गेलंय. पलीकडनं लेक काहीतरी म्हणत होती, जेवून जा, राहा. अप्पा म्हणाले, पयल्या गाडीनं निगतो.

सोमवारी मॅडम आल्या, लॅपटॉप उघडला, आणि अर्धं गाव लाल. तेवढ्यात एस्टी थांबली. अप्पा उतरले, पिशवीतली ताटली काढली आणि मॅडमकडं न बघता सरळ खैरूनचाचीच्या गल्लीत घुसले. गाव आधीच गच्च्यांवर उभं होतं. कुणाच्या हातात ताटली, कुणाच्या हातात परात, गित्त्यांच्या पोरीनं तर आरसाच आणलेला. ती अजून इथंच होती, अहमदपूरवाल्यांना टाकी कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. ह्या गच्चीवरनं त्या गच्चीवर कवडसे उड्या मारायला लागले. अप्पा मधी उभे राहून हात हलवत होते, जरा उजवीकडं, बास, आता खाली, नदर पडली का, पडली. एकेक दिवा हिरवा होत गेला. मॅडम लॅपटॉप विसरून वर बघत राहिल्या.

मग खाली बसल्यावर त्यांनी आकडे काढले. म्हणाल्या, "बोरवाडीत बिघाड सगळ्यांत जास्त आहेत."

व्यंकटरावांनी हात मागं घेतले.

"पण कालचे सोडले तर एकही बिघाड संध्याकाळच्या पुढं गेलेला नाही. बाकीच्या गावांत डबा बंद पडला तर महिना महिना कुणी वर जाऊन बघत नाही. इथं कोण बघतं?"

सगळ्यांनी बोट केलं ते अप्पांकडं. अप्पा आपल्या चपलांकडं बघत होते. मॅडम म्हणाल्या, डबे इथंच राहू द्या. आणि जाता जाता विचारलं, पण एवढे बिघाड होतात कशानं. दत्तराव आणि व्यंकटराव, एका सुरात, पोळ्याच्या तंट्याआधीपासून एकाच घरात वाढल्यागत म्हणाले, "वानरं." अप्पांनी हळूच खोकून घेतलं.

संध्याकाळी घरी आलो. अंगात जीव नव्हता. मोबाईल काढला तर नेट नाही. आमच्या घरचा डबा मी स्वतः बसवलेला, कधी म्हणून बंद पडला नव्हता. वर गेलो. डब्याची मान समोरच्या शाळेकडं सोडून शेजारच्या म्हशीकडं, आणि खाली आईचं लाटणं पडलेलं.

मी पाना घेऊन खाली आलो. आई चुलीपुढं, माझ्याकडं न बघता म्हणाली, "नेट गेलंय वाटतं."

"आत्ता करतो नीट. पाना माझ्याकडंच हाय."

"तू बस गुमान. अप्पाला फोन लाव. भाकरी टाकलीय म्हनावं, वरण बी हाय."

मी लावला. अप्पांनी पहिल्या रिंगलाच उचलला.